डावीकडचा बहात्तर नंबर

मोहिद्दीन परकारांचा मुलगा उमर अमेरिकेत शिकला. त्याच्या पदवीदानाला गेलेल्या मोहिद्दीननी तिथल्या कॉलेजांमधल्या अमेरिकन फुटबॉलचं वेड दुबईला आणलं. उमर नोकरीत रमला आणि खेळ विसरला, पण बाप अजून उमरच्या कॉलेजचा लाल टी-शर्ट घालून अल मनखूल भागातल्या घरी टीव्हीसमोर बसतो. सोबतीला रत्नागिरीच्या कॉलेजातले जुने मित्र सदानंद असतात. ते उजवा पाय लांब सोडून बसतात, कारण गुडघा वाकत नाही.

यंदाचा पहिला सामना शनिवारी संध्याकाळी होता. समोरचा संघ अगदीच लिंबूटिंबू. तरी चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकसमोर ज्यांनी भिंत धरायची ते पाच धिप्पाड गडी आज नुसते बाजूला होत होते. मध्यंतरापर्यंत क्वार्टरबॅक चारदा आडवा झाला.

"रिलॅक्स दादा, इट्स जस्ट द फर्स्ट गेम," नात इनाया म्हणाली.

"पहिला म्हणून काय झालं? उन्हाळाभर काय बिर्याणी हाणत होते?"

"तुमच्यासारखी!" स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मैमुनाबी ओरडल्या. हसत इनाया त्यांना मदतीला गेली.

पाचव्यांदा डावीकडचा बहात्तर नंबरचा गडी हरला आणि क्वार्टरबॅक गुडघा धरून लोळू लागला. टीव्हीवर तेच दृश्य संथ गतीने पुन्हा दाखवलं.

"त्याला कुणी ढकललं नाही," सदानंद पुढे वाकून म्हणाले. "बघ, धक्का बसायच्या आधीच पाय मागे घेतलाय. घाबरला लेकाचा."

मोहिद्दीनना टीव्ही दिसेनासा झाला. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं कबड्डीचं मैदान दिसू लागलं. चिपळूणच्या कॉलेजचा दांडगा चढाईबहाद्दर आत घुसलेला, सदानंद त्याच्या घोट्यावर झेपावलेले. साखळीत त्यांचा हात मोहिद्दीनच्या हातात होता. दोघांनी मिळून त्याला दाबायचं, असं ठरलेलं होतं. त्याच क्षणी मोहिद्दीननी हात सोडला. तो गडी सगळ्या वजनानिशी एकट्या सदानंदांच्या गुडघ्यावर कोसळला. घामाने हात निसटला, असं मोहिद्दीननी सगळ्यांना सांगितलं. गुडघा मोडण्याचा तो आवाज त्यांना अजून ऐकू येई. नमाजात, लिफ्टमध्ये, कुठेही.

"सदा," ते म्हणाले, "तेव्हा माझा हात निसटला नव्हता."

सदानंदांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. निसटलेला हात पुन्हा धरायला बघतो रे. तुझा उघडला होता. मी इथे भांडायला यायचो नाही. तू कधीतरी सांगशील म्हणून यायचो. फार वर्षं लावलीस."

"मग आता?"

"आता काय? खलास." सदानंद भिंतीला धरून उठले. मैमुनाबी जेवायला थांबवत होत्या, पण "आज नको वहिनी" म्हणून ते निघाले. पुढच्या शनिवारी येतो, असं नेहमीसारखं म्हणाले नाहीत.

सामना आपलेच तीन गुणांनी जिंकले. इनायाने टाळ्या पिटल्या. मोहिद्दीन समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. एक्केचाळीस ईद. प्रत्येक ईदेला सदानंद समोर बसून शीरखुर्मा खात, हसत, आणखी मागत. आणि त्या प्रत्येक वेळी त्यांना सगळं माहीत होतं. ते प्रत्येक हसू मोहिद्दीन आता एकेक करून पुन्हा पाहत होते.