संध्याकाळचा टॅप

हसू नका असं आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही हसलात की मला निदान रागवता तरी येईल. तर ऐका. माझं लग्न एका शब्दावरून मोडता मोडता राहिलं. शब्द तरी केवढा? दोन अक्षरांचा. आणि तो लिहिला होता मीच. शाईने, ठळक अक्षरात, शुद्धलेखन दोनदा तपासून!

मी मुळातच घाबरट. मागून कुणी हाक मारली तर हातातलं भांडं खाली पडलंच म्हणून समजा. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या माझ्या खोलीत फिलोमिना नावाची वसईची मुलगी होती. दार वाजलं की मी उडायची आणि ती पोट धरून हसायची. एकदा मला म्हणाली, “तुला दचकायचंच आहे ना? मग तालात दचक.” आणि तिने मला टॅप शिकवला.

आता टॅप म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. तो एक विलायती नाच. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला लोखंडाची पत्री ठोकलेली असते आणि पायांनी तबला वाजवायचा असतो. गुडघे सैल, भार चवड्यावर. पाऊल नुसतं पुढे घासायचं आणि तसंच मागे घासायचं, झाला शफल. पुढे घासून तिथेच टेकवलं की फ्लॅप. एका चवड्यावर क्षणभर भार टाकून लगेच दुसऱ्या पायावर आलं की बॉल-चेंज. एवढ्या भांडवलावर माणूस लाकडी फळीवर तासभर सुखात राहू शकतो. मी राहिले की! आधी पोटऱ्या दुखल्या, मग जिना चढताना लागणारी धाप गेली, आणि शेवटच्या परीक्षेत घंटा झाली तेव्हा सगळा हॉल दचकला, मी नाही. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

बी.ए. झाले आणि श्रीवर्धनला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. राहायला आत्याकडे. शाळा सुटली की मी अडगळीच्या खोलीचं दार लावून घेई. आत जुन्या व्यासपीठाच्या फळ्या होत्या. एके दिवशी चार मुलींनी फटीतून पाहिलं. त्यांची तोंडं बंद राहावीत म्हणून मी त्यांनाही शिकवायला लागले. आत्याला मात्र काही सांगितलं नव्हतं. नाच म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे ढोलकी आणि फेटे उडवणारी माणसंच यायची.

अशात दिवेआगरचं स्थळ आलं. श्रीधर त्यांचं नाव, घरची नारळ-सुपारीची वाडी. बघायला आले तेव्हा त्यांना एक शिंक आली, आणि मी भरलेला कप त्यांच्या स्वच्छ पायजम्यावर सोडला. ते नुसते म्हणाले, “असू दे, फार गरम नव्हता.” चांगला वाफाळता होता हो! मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, करीन तर याच माणसाशी.

लग्न ठरलं. मग होणाऱ्या सासूबाईंचं, म्हणजे माईंचं पत्र आलं. माईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेजारी एक पेन्शनर मास्तर होते, ते सांगितलं की लिहून देत. माईंनी कळवलं होतं: आमच्या घरी लेक नाही, तू लेक म्हणून येणार. काही मनात असेल, सवय असेल, दुखणंखुपणं असेल तर आधी सांग. नंतर कळलं की जिवाला लागतं.

इतकं सरळ विचारल्यावर लपवणार कसं? पण आत्याची शिस्त अशी की पाकिटात घालण्याआधी पत्र तिच्या नजरेखालून जायचं. म्हणून मी एक शहाणपणा केला. ‘नाच’ लिहिलं नाही, ‘डान्स’ लिहिलं नाही. नुसतं ‘टॅप’ लिहिलं. म्हटलं, खाली एवढं वर्णन आहे, समजून घेतील.

पत्र असं होतं: “मला रोज संध्याकाळी तासभर टॅप असतो. कॉलेजात एका मैत्रिणीकडून मिळाला, तेव्हापासून सुटलेला नाही. आधी पाय आपोआप थरथरतात, मग दरदरून घाम येतो आणि शेवटी अंग हलकं होतं. रात्री गाढ झोप लागते. शाळेतल्या चार मुलींनाही मी तो दिला आहे. घरी कुणाला ठाऊक नाही. लग्नानंतरही तो राहावा अशी माझी फार इच्छा आहे. आपल्याला चालेल का?”

आत्याने वरची ओळ वाचली आणि टॅप हा भरतकामातला नवा टाका का, असं विचारलं. मी हो म्हटलं. देवाने ऐकलं असणार.

तिकडे दिवेआगरात मास्तरांनी चष्मा लावला, पहिल्याच ओळीवर थांबले आणि हळहळले. म्हणाले, टॅप असा शब्द मराठीत नाही. मुलगी शिक्षिका असून शुद्धलेखन असं. इथे ‘ताप’ हवं. आणि त्यांनी पुढचं सगळं पत्र दुरुस्त करून वाचलं.

तुम्हीही एकदा तसं वाचून बघा. मी थांबते.

वाचलंत? रोज संध्याकाळी येणारा, घाम फोडणारा, मैत्रिणीकडून मिळालेला ताप! म्हणजे क्षयच! त्या दुखण्याचं नाव तेव्हा कुणी मोठ्याने घेत नसे. मुंबईत त्याच्यावर नवी इंजेक्शनं निघाली होती म्हणे, पण आमच्या बाजूला नुसती शंका आली तरी ठरलेली लग्नं मोडत. त्यात ही पोरगी तो शाळेत वाटत होती आणि लग्नानंतरही राहावा म्हणत होती.

बारा दिवस उत्तर नाही. मी जेवेना. टॅपही बंद. तेराव्या दिवशी, रविवारी दुपारी दारात बैलगाडी थांबली. गाडीवान धाकू पुढे, मागे माई, आणि माईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्या. श्रीधर सुपारी घेऊन मुंबईला गेले होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आत्या चहा टाकायला आत गेली. माईंनी मला ओटीवर जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “आत्याला ठाऊक नाही ना गो?”

“नाही.”

“किती वर्षं झाली?”

“चार होतील.”

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कलेचं काय हे कौतुक!

“आणि रोज असतो?”

“रविवारी नसतो. शाळा बंद असते ना.”

माई जरा गोंधळल्या. रविवारची सुटी घेणारा ताप त्यांनी ऐकला नव्हता.

“आत्ता आहे का?”

“आत्ता कसा असेल? बूट ट्रंकेत आहेत.”

माईंनी माझ्याकडे पाहिलं त्याचा अर्थ मला आज कळतोय. ताप डोक्यात चढून मी बरळते आहे अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी माझ्या कपाळाकडे हात नेला आणि म्हणाल्या, “बघू दे मला.”

बघू दे! बारा दिवस मी याच शब्दांची वाट पाहत होते. त्यांचा हात पोचायच्या आत मी उठले, ट्रंकेतून बूट आणले, पदर खोचला. ओटी सारवलेली, तिथे कसला आवाज येणार? कोपऱ्यात जुन्या दाराची फळी होती, ती आडवी टाकली आणि सुरू केलं. शफल, शफल, बॉल-चेंज. कधी नव्हे इतका जीव ओतला होता हो मी त्यात! डोळे मिटले होते, कारण उघडे ठेवले असते तर घाबरले असते.

मिटले नसते तर निदान माईंचा चेहरा तरी दिसला असता.

त्यांनी फडकं सोडलं आणि तांब्यातला गुळवेलीचा काढा माझ्या तोंडाला लावायला धावल्या. माझे पाय थांबेनात, काढा काही तोंडात जाईना. पायरीवर बसलेला धाकू उठून आला. त्याने माझे पाय पाहिले, आवाज ऐकला आणि निदान केलं.

“माई, ह्यो ताप न्हाय. वारं हाय अंगात.” मग माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. “कुनाचं हाय गो बाय ह्ये?”

मला वाटलं, विचारतोय, शिकवलं कुणी. धापा टाकत मी म्हटलं, “फिलोमिनाचं.”

“लांबचं दिसतंय,” धाकू माईंना म्हणाला. मग मला, अगदी आदराने, “आनि मागतंय काय?”

“काही नको. लाकडी फळी मिळाली की झालं.”

“कोंबडं न्हाय, नारल न्हाय, नुसती फली?” धाकूने आयुष्यात इतकं गरीब भूत पाहिलं नव्हतं. माईंनी मात्र वाट पाहिली नाही. उरलेला काढा माझ्या डोक्यावर ओतला.

नेमकी तेव्हाच आत्या चहा घेऊन बाहेर आली. ओटीवर मी, पायांत लोखंडी बूट, केसांतून हिरवा काढा गळतोय, आणि समोर गाडीवान हात जोडून! अशा वेळी माणूस खरं बोलतो. मी रडत रडत म्हटलं, “हा नाच आहे हो. टॅप म्हणजे नाच.”

आत्या मटकन खाली बसली. माझ्या डोक्यात एकच, गेलं लग्न. तापाला तरी औषध असतं.

माईंनी पुढे होऊन माझ्या कपाळाला उलटा हात लावला, मग मानेला, मग पुन्हा कपाळाला. “अंग थंडगार आहे गो हिचं,” म्हणाल्या, आणि तिथेच पदरात तोंड घालून रडल्या. मग मास्तरांची दुरुस्ती कळली. माडीवरची उजेडाची खोली त्यांनी माझ्यासाठी झाडून ठेवली होती, तेही कळलं. दुधासाठी शेळीसुद्धा घेतली होती.

“म्हणजे तुम्ही लग्न मोडायला नाही आलात?”

“मोडायला कशाला येईन? पोरीने आपणहून खरं लिहिलं. न्यायला आले होते तुला.”

आता मी रडले. मग डोळे पुसून विचारलं, “आणि नाच?”

माई आत्याकडे बघत नव्हत्या. माझ्या बुटांकडे बघत होत्या. एक उचलून त्यांनी हातात तोलला, पत्रीवर नख वाजवून पाहिलं. “घेऊन ये,” एवढंच म्हणाल्या.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. चौथ्या दिवशी सकाळी माई म्हणाल्या, “सूनबाई, बूट घाल.” मी हरखून बाहेर आले. पावसाने आणि मांडवाच्या खांबांनी उखडलेल्या मागच्या अंगणात धाकूने नवी माती पसरून पाणी शिंपडलं होतं. ते एरवी लाकडी चोपण्याने बडवून घट्ट करतात. दोन माणसांचा दिवस जातो.

मी तासभर नाचले. माई पायरीवर बसून बघत होत्या. मुंबईहून आणलेला तबलजी असावा तसे श्रीधर गुडघ्यावर ताल धरून होते. कौतुक म्हणतात ते हेच असं मला वाटलं. थांबले तेव्हा लक्षात आलं की माईंनी मला चोपण्याच्या जागी नाचवलं होतं. पण चोपणं असतं सपाट आणि माझी टाच असते एवढीशी. ओल्या मातीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चंद्रकोरीसारखे शेकडो खड्डे पडले होते. धाकूला सगळी माती उकरून पुन्हा पसरावी लागणार होती.

तेवढ्यात शेजारच्या बायका नवी सून बघायला आल्या. त्यातल्या एकीने रीतीप्रमाणे विचारलं, “मग काय माई, सुनेचा पायगुण कसा?”

माईंनी अंगणाकडे हात केला. “हा बघा की. अंगणभर आहे.”