माझ्या शेतातला सरकारी तांदूळ

तुमचा चहा निवायच्या आत माझी फजिती सांगून होईल. फार मोठी नाही, पण माझ्यासारख्या ताठ माणसाला पुरून उरली.

आमच्या वटार गावात तळ्याच्या कठड्यावर आम्ही म्हातारे संध्याकाळी बसतो. पेपर मी वाचून दाखवतो. शाळा चौथीपर्यंतच, पण आवाज खणखणीत. त्या दिवशी बातमी होती, योजनांवरचा सरकारी खर्च वाढत चाललाय. मी पेपरची घडी घातली आणि हरीभाऊकडे पाहिलं. हरीभाऊ एकटा माणूस, रेशनचा फुकट तांदूळ आणून खातो.

म्हटलं, "तुझ्यासारख्यांमुळे तिजोरी रिकामी होते. माझ्या घरात सरकारचा एक दाणा सापडला, तर हा कठडा सोडीन."

"मग उद्या जेवायला बोलाव," तो म्हणाला.

बोलावलं. माघार घेईन तो मी कसला?

बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं. मी भाकरी उचलून दाखवली. म्हटलं, बघ, याला म्हणतात घामाचा तांदूळ. रेशनच्या भाकरीला असा पापुद्रा सुटेल का?

हरीभाऊने भाकरी संपवली. मग विचारलं, "वहिनी, रेशनचंच पीठ ना हे? रांगेत माझ्याच पुढे होतात."

मला काही उलगडेना. "मग आपल्या शेतातला तांदूळ कुठे गेला?"

"विरारच्या फ्लॅटवाल्यांनी नेला," बायको म्हणाली. "गावठी म्हणून चांगला भाव देतात. तुम्हाला सांगितलं होतं की मी. तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग मी काय खातोय?"

"हाच. पापुद्रा चांगला सुटतो म्हणता ना रोज?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी पेपर पुढे ओढला. म्हटलं, तांदळाचं राहू दे, खर्च वाढतोय हे तरी खरं ना? या डोळ्यांनी वाचलंय मी.

"ते डोळेही योजनेतलेच," बायको म्हणाली. "मोतीबिंदू कार्डावर फुकट काढला. कागदावर सही तुमचीच आहे."

सही माझीच, कबूल. पण तेव्हा मला दिसत कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो, पण कठड्यावर बसलो नाही. शब्द म्हणजे शब्द. हरीभाऊ सरकला, शेजारी जागा केली आणि पेपर माझ्या हातात दिला.

"बस रे. सरकारने एवढा खर्च करून डोळे दिलेत, वाच."

बसलो. पण त्या दिवशी फक्त हवामान वाचलं.