नव्या सोफ्यावर जुनं कापड

आमच्या इमारतीत नवा सोफा आला की तो आधी जुना करून घ्यावा लागायचा. हे काम कुशनमामा करायचे.

हसू येत असेल तर सरकारी भाड्याच्या घरात राहून बघा. नियम असा, की घरातल्या सगळ्यांची मिळून कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की घर खाली करायचं. पगारदारांचं सोपं, पगाराची पावती दाखवली की निकाल लागला. पण आमच्याकडे पावतीवाले कमीच. कुणी गवंडी, कुणी घरी शिलाई करणारी, कुणी स्वतःचा टेम्पो चालवणारा. यांची कमाई कशी मोजायची? तर घर बघून. घरवाटप कार्यालयातून एक मॅडम वर्षातून एकदा यायच्या आणि घरभर नजर फिरवायच्या. फ्रिज केवढा, पंखा कसला, पडदे कधीचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांना बसायला काय दिलं.

त्यामुळे पाहुण्याला सगळ्यात वाईट खुर्ची देणारी आमची इमारत जगात एकटीच असावी.

कुशनमामा म्हणजे तळमजल्यावरचे सोफे-गाद्यांचे कारागीर. बुटके, रुंद खांद्यांचे, कायम वैतागलेले. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची सवय. एकेक खिळा जिभेनं पुढे आणायचे आणि हातोडीनं ठोकायचे. खिळे तोंडात असताना ते फक्त गुरगुरायचे. खिळे काढून हातात घेतले की समोरच्यानं समजायचं, आता आपली खैर नाही.

शहरातल्या मोठ्या घरांत ते जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचे. उतरवलेली जुनी कापडं मालक फेकून द्यायला सांगायचे. मामा ती घडी घालून घरी आणायचे आणि तपासणीच्या आधी आमच्या इमारतीतल्या नव्या सोफ्यांवर चढवायचे. चारच खिळे, तेही मागच्या बाजूला, म्हणजे मॅडम गेल्या की लगेच उतरवता येईल. विटलेलं, फाटलेलं, चहा सांडलेलं, जसं हवं तसं कापड त्यांच्याकडे होतं. पिवळ्या पडलेल्या स्पंजचा तुकडासुद्धा ते एका कोपऱ्यातून असा बाहेर काढून ठेवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, या घरात दोन वेळचं जेवण तरी होतं का.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र बसायला एक फळी आणि एक स्टूल. मामी म्हणायच्या, "जगाला गाद्या आणि मला फळी."

"फळीवर बसलीस म्हणून या घरात बसलीस," मामा म्हणायचे.

आणि हे घर तर मामींसाठीच मिळवलेलं होतं. आधी दोघं चौथ्या मजल्यावर होते. मामींचे दोन्ही गुडघे गेले आणि जिना सुटला. इमारतीला लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टची जागा होती. त्या काळात मामींनी रस्ता फक्त वरून पाहिला. मामांनी घरवाटप कार्यालयात रोज जाऊन असं काही डोकं खाल्लं, की शेवटी त्यांना तळमजला देऊन टाकणं कार्यालयाला स्वस्त पडलं. तेव्हापासून मामी संध्याकाळी दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायच्या. त्यांचं सगळं जग म्हणजे तो बिनपायरीचा उंबरा.

मामांकडच्या कापडांत एक कापड सगळ्यांचं लाडकं होतं. फिकट निळी फुलं, आणि हाताच्या बाजूला कुणीतरी गरम इस्त्री विसरल्याचा काळपट त्रिकोणी डाग. ते बघून दगडालाही दया आली असती. सगळे म्हणायचे, "मामा, मला तो इस्त्रीवाला द्या." मामा एका वर्षात तो एकाच घराला द्यायचे. त्या वर्षी तो दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईला गेला होता.

मॅडमची तपासणी त्या वेळी दोन-तीन दिवस चालली. शिलाईवाल्या बाईचं घर पहिल्या दिवशी पार पडलं. लगेच तिसऱ्या मजल्यावरचा टेम्पोवाला खाली आला. गोरागोमटा, गोड बोलणारा, खांद्यावर हात टाकल्याशिवाय वाक्य पूर्ण न करणारा.

"मामा, आता तो इस्त्रीवाला मला."

मामांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. तोंडात खिळे होते.

"अहो, उद्या माझ्याकडे येणार त्या. नवा सोफा आहे, कॉफी रंगाची मखमल. अजून वरचं प्लास्टिकपण काढलेलं नाही."

मामांनी खिळे काढून तळहातावर घेतले. "अरे गाढवा, मॅडमनी ते कापड आजच दुसऱ्या मजल्यावर पाहिलंय."

"त्यांना काय आठवतंय? दिवसाला किती घरं बघतात त्या!"

"तुला करड्या पट्ट्यांचं देतो."

"करड्या पट्ट्यांत दम नाही, मामा." टेम्पोवाल्यानं खांद्यावर हात टाकला. "मामींना मागे दवाखान्यात कुणी नेलं होतं? मागे गादी टाकून, हळूहळू, एक खड्डा लागू न देता? मी कधी बोलून दाखवलं का?"

हे बोलून दाखवणं नव्हतं तर काय होतं, ते त्यालाच ठाऊक. पण आतून मामींचा आवाज आला, "देऊन टाका हो. नेलं होतं त्यानं."

मामांनी कापड दिलं. स्वतः चढवलं. पण त्या दिवशी ठोकलेला प्रत्येक खिळा टेम्पोवाल्याच्या डोक्यात जात असल्यासारखा ठोकला.

दुसऱ्या दिवशी मॅडम टेम्पोवाल्याकडे आल्या आणि सोफ्यावर बसल्या. बसताच खालून प्लास्टिक चरचरलं. त्यांचा हात सहज बाजूला गेला आणि त्रिकोणी डागावर थांबला.

"तुमच्याकडे इस्त्री कुठली आहे?"

"साधीच. का हो, मॅडम?"

"नाही, दुसऱ्या मजल्यावर पण फिरून आलेली दिसते."

मग त्यांनी उठून मागचं टोक धरलं आणि ओढलं. मामांचे खिळे चटकन निघण्यासाठीच ठोकलेले होते, ते निघाले. कॉफी रंगाची मखमल प्लास्टिकखाली नवरीसारखी बसली होती.

टेम्पोवाला आधी म्हणाला, सोफा मेव्हण्याचा आहे, तात्पुरता ठेवलाय. मॅडमनी नुसतं पाहिलं. तेव्हा त्यानं जे केलं, ते करूनही त्याला आजही झोप छान लागते म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, हे आमचं डोकं नाही. खाली कुशनवाला आहे ना, त्याचा धंदाच आहे हा. अख्ख्या इमारतीचं काम त्याच्याकडे. त्याची कमाई बघा की एकदा!"

मॅडम दारोदार फिरल्या. आणि काय सांगावं, सगळ्या इमारतीला एकदम मामांच्या कलेची कदर वाटायला लागली. शिलाईवाली बाई म्हणाली, मामांना तर एका मिनिटाची फुरसत नसते. गवंडी म्हणाला, मोठमोठ्या बंगल्यांतली कामं आहेत त्यांच्याकडे. आमच्या आईनं एका उशीच्या खोळीसाठी त्यांच्याशी आठवडाभर घासाघीस केली होती आणि शेवटी एका कप चहावर सौदा मिटवला होता. तीच आई म्हणाली, "मामांचं काय विचारता, बाई! आपण त्यांच्यापुढे कोण?"

ज्याला कुणी कधी धड मोबदला दिला नाही, त्याला एका दुपारीत सगळ्यांनी मिळून श्रीमंत केलं. स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याची कमाई फुगवणं हा प्रकार फार सोपा असतो, तोंडाला खर्च येत नाही.

संध्याकाळी मॅडम तळमजल्यावर आल्या. मामांनी त्यांना स्टूल दिलं. मॅडम बसल्या नाहीत.

"तुमची कमाई मर्यादेच्या वर जाते."

"हे कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"या घरात बघा ना. तुम्ही घर बघूनच ठरवता ना? ही फळी बघा."

"कुशनवाल्याच्या घरात एकही कुशन नाही, हेच मला पटत नाही," मॅडम म्हणाल्या.

खरं लपवायला घरं जुनी करणाऱ्या माणसाचं खरंखुरं जुनं घर आता कुणी खरं मानणार नव्हतं. मामांचा पारा चढला.

"मॅडम, हे घर आहे की हॉस्पिटल? माणूस जरा बरा दिसला की डिस्चार्ज! पोरगं नोकरीला लागलं, बाहेर. दोन पैसे जास्त मिळाले, बाहेर. म्हणजे इथे राहायचं तर आयुष्यभर कण्हत राहायचं?"

"तुम्ही कण्हत होता का? तुम्ही नाटक करत होता," मॅडमचा आवाजही चढला. "माझ्या कार्यालयाबाहेर रांग लागते. एक बाई तीन पोरांना घेऊन दुसऱ्याच्या जिन्याखाली झोपते. तिला मी काय सांगू? की घरं भरलीत आणि आत लोक मखमल लपवतायत?"

"तिला घर द्या. बांधा नवीन. माझ्या बुडाखालची फळी ओढून तिला देताय, यात तुमचं काय गेलं?"

"बांधणं माझ्या हातात नाही."

"काढणं बरं हातात आहे!"

दारातून मामी म्हणाल्या, "बाई, मला जिना चढता येत नाही. एवढं लिहून घ्या."

"तुमचे गुडघे नियमात बसत नाहीत हो," मॅडम म्हणाल्या. हे त्या जरा हळू म्हणाल्या, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण नोटीस आलीच. मामांनी कार्यालयात जाऊन पुन्हा डोकं खाल्लं, या वेळी मात्र तिथल्या लोकांनी सोबत डबा आणला होता, दिवसभर ऐकून घेतलं आणि नाहीच म्हणाले.

बाकीच्यांना मॅडमनी पुढच्या आठवड्यात फेरतपासणी सांगितली होती. इमारत निर्धास्त होती. मॅडमच्या पोटातला राग मामांवर निघाला, आता आपलं सोफ्यावरचं कापड नुसतं बदलून घेऊ, असा हिशेब. फेरतपासणीच्या सकाळी मामा पक्कड घेऊन वर निघाले. दार वाजवायचे, उघडलं की आत शिरायचे.

"काय मामा, चहा घेणार?"

"माझं कापड."

"अहो, आज बाई येणार आहेत!"

"म्हणूनच आज."

खट खट खट खट, चार खिळे, आणि कापड बाहेर. नवं रेक्झिन उघडं पडून चमकायला लागायचं. कापड ते जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली सोडायचे. खाली मामी स्टुलावर बसलेल्या. वरून विटकी फुलं, करडे पट्टे, चहाचे डाग तरंगत यायचे आणि मामी प्रत्येकाची जुन्याच मोडीवर घडी घालायच्या. आमच्या आईच्या खुर्चीचंही आलं. आईनं एका टोकाला धरून बघितलं, पण मामांच्या हातात पक्कड होती.

टेम्पोवाल्यानं दार उघडलंच नाही. आतून म्हणाला, "मामा, जाऊ द्या ना. एवढं काय मनावर घेता?"

मामांनी ओठांतले खिळे काढले. "तुझ्याकडे काही नाही माझं. तुझं तर आधीच उघडं पडलंय."

मॅडम आल्या तेव्हा इमारतीत विलक्षण देखावा होता. घरोघरी सगळं कुटुंब सोफ्यावर पसरलेलं. आजोबा आडवे, पोरं पाठीवर, सून मांडीवर टोपलीभर धुणं घेऊन हाताच्या बाजूवर. सोफा दिसू नये म्हणून माणसांची खोळ चढवली होती. मॅडम म्हणाल्या, "उठा जरा." एकेक करून सगळे उठले.

निम्म्या इमारतीला नोटिसा गेल्या. मामांची नोटीस काही परत गेली नाही. बरोबरी झाली, एवढंच.

मामांना खाजगी मालकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. जिना अरुंद, कठडा हलणारा. तळमजल्याचं भाडं ऐकून मामांनी मालकाला विचारलं होतं, "आत काय राजा झोपतो?" सामान हलवलं त्या दिवशी मामी खालीच बसून राहिल्या. फळी वर गेली, स्टूल वर गेलं, कापडांची गाठोडी वर गेली. मामी खालीच.

मामा वर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. वरून नुसती ठोकाठोक. मग एक खुर्ची घेऊन उतरले. भक्कम पाय, जाड स्पंज, दोन्ही बाजूंना उचलायला दांडे, आणि वर लालभडक कोरी मखमल. मामींनी तोंडाला पदर लावला.

"अहो, हे कसलं कापड?"

"नवं."

"कुणी बघितलं तर?"

"बघू दे. इथे फक्त भाडं बघतात."

आता प्रश्न दुसऱ्या दांड्याचा. खुर्ची एकट्याला उचलणारी नव्हती. तेवढ्यात फाटकातून टेम्पोवाला आला. त्यालाही बाहेर काढलं होतं, आणि स्वस्त खोल्या या भागात एकाच इमारतीत होत्या. त्याची खोली मामांच्या बरोबर वर. मामांना बघून तो मागच्या मागे वळला.

"ए टेम्पो!" मामी ओरडल्या. "पळतोस कुठे? धर इकडून."

"याचा हात लागायला नको माझ्या खुर्चीला," मामा म्हणाले.

"मग तुमची खुर्ची तुम्ही वर न्या आणि मला इथेच ठेवा."

टेम्पोवाल्यानं दांडा धरला. मामांनी दुसरा धरला. मामी लाल मखमलीवर टेकल्या, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मऊ काहीतरी खाली घेऊन, आणि वरात निघाली.

"उचल ना नीट, खोटारड्या."

"मामा, तुम्हीच तिरकं धरताय."

"तोंड बंद. श्वास वाचव."

"एक खड्डा लागू देणार नाही, मामी."

"परत बोलून दाखवलंस तर खालीच सोडीन तुला!" मामा ओरडले. टेम्पोवाला हसायला गेला आणि खुर्ची डगमगली. मामींनी दोघांच्याही डोक्यावर एकेक टपली मारली.

दर संध्याकाळी ही वरात उतरते आणि रात्रीच्या जेवणाआधी चढते. दोघं एकमेकांशी एक शब्द गोड बोलत नाहीत. मामी फाटकाशी लाल खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतात. परवा तिकडून मॅडम जाताना दिसल्या म्हणे. त्या खुर्चीकडे बघत थांबल्या.

मामी म्हणाल्या, "बसता का? ही खुर्ची नवीच आहे. वरून काढायला काही नाही."

मॅडम बसल्या नाहीत.