खांबाची पाठ

माझी ताई ऑपेरा बसवते. देशोदेशीच्या नाट्यगृहांबाहेर तिचं नाव मोठ्या अक्षरांत झळकतं आणि मुलाखतींत ती सांगते की, मला संगीताने घडवलं. साफ खोटं. तिला रागाने घडवलं. मी तिची धाकटी बहीण, मला विचारा.

आम्ही दोघी एकाच नाट्यगृहात कामाला लागलो. मी गायिकांच्या डोक्यावर केसांचे टोप बसवायची, ताई दिव्यांखाली उभी राहायची. हेही एक काम असतं. पडदा उघडण्याआधी प्रत्येक प्रवेशाचे दिवे जुळवून घ्यावे लागतात. तेवढा वेळ मोठ्या गायिका कशाला ताटकळतील? त्यांच्या जागी कुणीतरी नुसतं उभं राहायचं. तेव्हाचा दिग्दर्शक उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालायचा, म्हणून टोपांच्या खोलीत आम्ही त्याला मफलरच म्हणायचो. त्याने ताईचं नाव कधी विचारलं नाही. "ए खांब, डावीकडे सरक," एवढीच तिची ओळख.

एकदा शेवटच्या प्रवेशाचे दिवे काही केल्या जमेनात. मुलगा मारला गेल्याची बातमी राणीला कळते, तो प्रवेश. राणी तोंड समोर करून रडते असंच सगळे बसवत आलेले. उभं राहून कंटाळलेल्या ताईने पाठ फिरवली आणि तिथूनच म्हणाली, राणीने तोंड दाखवूच नये, बातमी पाठीने ऐकावी. उजेड तिच्या मानेवर पडला आणि मफलरने दिवे तिथेच पक्के करायला लावले.

पहिल्या प्रयोगाला राणी पाठमोरी गायली. टाळ्या थांबेनात. पहिल्या प्रयोगाच्या शेवटी मुख्य गायिका विंगेत येते आणि दिग्दर्शकाला हाताला धरून प्रेक्षकांसमोर नेते, तशी रीतच आहे. मफलर गेला, वाकला, टाळ्या खाऊन आला. ताई माझ्या शेजारी विंगेतच उभी. दुसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं, कार्यक्रमपत्रिकेत कोपऱ्यात माझं नाव टाकाल का?

तो हसून म्हणाला, "दिव्याखाली खांब उभा असतो म्हणून काय त्याचं नाव छापायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडून मोकळी होते, ती डूख धरते.

त्या एका पाठीवर मफलर जगभर मिरवला. ताई नोकरी सोडून गेली. परक्या शहरांत तिने दिग्दर्शकांचे कोट सांभाळले, शिव्या खातखात भाषा शिकली, कुणी नाट्यगृह देईना तेव्हा बंद पडलेल्या गिरणीत ऑपेरा बसवला. तिथून तिचं नाव झालं. इकडे मफलरचे दिवस फिरले. त्याच्या प्रयोगांत लोक उठून जायला लागले, मग कुणी बोलावेनासं झालं. शेवटी तो आमच्याच व्यवस्थापकाकडे मिळेल ते काम मागत खेटे घालू लागला.

अशात आमच्या नाट्यगृहाने ताईला बोलावलं, तोच ऑपेरा नव्याने बसवायला. तिने एकच अट घातली. दिव्यांखाली उभं राहायला मफलरच हवा. व्यवस्थापक कानकोंडा झाला. मफलर मात्र आला. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

ताई समोर खुर्च्यांमध्ये माइक घेऊन बसली होती. "मफलर काढा, मानेवर उजेड हवाय," ती म्हणाली. त्याने तो माझ्या हातात दिला. मग सुरू झालं. खांब डावीकडे, खांब उजवीकडे, खांब आणखी मागे. कुणीतरी दया येऊन खुर्ची आणली, तर ताई म्हणाली की खांब बसत नाहीत. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

संध्याकाळ होता होता पाठमोऱ्या मफलरचा एक खांदा खाली आला. मान झुकली. उजवा हात मागे जाऊन नसलेली खुर्ची चाचपडू लागला. ताई बोलता बोलता थांबली. "हे असंच राहू दे," ती दिवेवाल्याला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने गायिकेला तोच खांदा आणि तोच चाचपडणारा हात शिकवला.

पहिल्या प्रयोगाला राणीचा हात मागे गेला आणि लोकांनी श्वास रोखले. सकाळच्या पेपरांत सगळीकडे त्या हाताचंच कौतुक. ताईला गायिकेने हाताला धरून नेलं, ती वाकली. पडद्याच्या फटीतून मी मफलरला शोधलं. तो शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो टोपांच्या खोलीत आपला मफलर न्यायला आला. इतके दिवस मी त्या मफलरला टोप चिकटवायच्या गोंदाचे हात पुसत होते. त्याने तो निमूट घेतला आणि माझ्याजवळ बसलेल्या ताईला म्हणाला, "तो हात माझा आहे. कोपऱ्यात एक ओळ टाकाल?"

याच क्षणासाठी ताई जगली होती. मी हातातला कंगवा खाली ठेवला.

"दिव्याखाली खांब उभा असतो म्हणून काय त्याचं नाव छापायचं?" ती म्हणाली.

त्याने तो कडक झालेला मफलर गळ्याभोवती सावकाश गुंडाळला. "हात माझा," तो म्हणाला, "आणि हे वाक्यही माझंच."

एवढं बोलून तो गेला. आरशात मला ताईचं तोंड दिसलं. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. मी म्हटलं, असल्या माणसाचं कसलं मनावर घेतेस, तुझं उट्टं निघालं ना? ती म्हणाली, "निदान वाक्य तरी माझं हवं होतं गं."

पुढच्या प्रयोगापासून कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात त्याचं नाव येऊ लागलं. ताईनेच टाकायला लावलं. आधी त्याने तिची पाठ चोरली होती, आता इतकी वर्षं जपलेला तिचा रागही घेऊन गेला. माझा राग मात्र मी कुणाला देणार नाही. त्या मफलरचा गोंद सात वेळा धुतला तरी निघत नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे.