तोंडातला दोरा

काशान गावात तूबाखानमचा हात न लागलेला बाईचा चेहरा शोधून सापडला नसता. ती दोऱ्यानं तोंडावरची लव काढायची. दोऱ्याचं एक टोक दातात धरायची, बाकीचा बोटांत, मधे पीळ. तिथं लग्नाआधी पोरीच्या तोंडाला दोरा लागत नाही. पहिला दोरा लग्नाच्या आदल्या दिवशी, चार बायका गोळा करून, गाणी म्हणत. अशा किती पोरींच्या तूबानं बायका केल्या, तिलाच ठाऊक नव्हतं.

हात हलका, पण बाई भारी भिडस्त. काम झालं की गिऱ्हाईक विचारायचं, "काय द्यायचं?" तूबा म्हणायची, "राहू द्या हो, तुमच्यापुढं त्याचं काय एवढं." तिकडची रीतच तशी. घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं, देणाऱ्यानं तिसऱ्यांदा हातात कोंबायचं. पण रीत चालायला दोन्हीकडं लाज लागते.

गालिच्यांच्या व्यापाऱ्याची बायको फख्रीखानम पहिल्या 'नको'लाच थांबायची. "बरं बाई, तू म्हणतेस तर," म्हणत बटवा बंद. वर गावभर सांगायची, "तूबा म्हणजे देवमाणूस, पैशाला शिवत नाही." असलं कौतुक म्हणजे फुकट्यांना आवतण. हळूहळू सगळ्याच जणी पहिल्या 'नको'ला थांबायला शिकल्या. एक म्हातारी बतूल तेवढी वेगळी. भटारखान्यातल्या रोटीवाल्याची विधवा, घरात खायची मारामार. पण तीनदा आग्रह करून तूबाच्या अंगावरच्या चादरीच्या टोकाला दोन अंडी बांधल्याशिवाय ती उठायची नाही.

त्या वर्षी तूबाला भुवया धुक्यातून दिसायला लागल्या. इस्फहानच्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चारशे तोमान लागतील. "आणि थांबलात तर एक दिवस दोरा कुणाच्या तरी डोळ्यात घालाल."

मुलगी अख्तर म्हणाली, "आई, भीड भिकेची बहीण. तीन तोमान म्हणायचं आणि गप्प बसायचं. एवढं जमत नाही?"

"जमेल की."

तूबानं सराव केला. आरशाला म्हणाली, तीन तोमान. कोंबडीला म्हणाली. चहाच्या समोवराला तर चांगली दरडावून म्हणाली. पण समोर माणूस बसलं की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा कुलूपवाल्याच्या सुनेला तिनं डोळे मिटून म्हटलंच, "तीन..."

"तीन काय, मावशी?"

"तीन पोरं देवो तुला देव," तूबा म्हणाली. अख्तरनं आतल्या खोलीत कपाळावर हात मारून घेतला.

मग फख्रीच्या मुलीचं, मलीहेचं, लग्न ठरलं. नवरीच्या मांडीवर पांढरं कापड पसरतात आणि दोरा फिरत असताना बायका त्यात पैसे टाकतात. ते पैसे दोरेवालीचे. मागायचे नाहीत, नुसते उचलायचे. घर मोठं, बायका मोठ्या घरच्या. तूबानं मनातल्या मनात डोळ्यांचा सगळा खर्च त्या कापडात सुटलेला पाहिला.

उजवा गाल झाला, उजवी भुवई झाली. कापड चांगलं जड झालं होतं. तेवढ्यात फख्रीनं त्याची चारी टोकं उचलून गाठ मारली.

"हिला नकोच असतात," ती बायकांना म्हणाली. "पिराच्या दानपेटीत टाकते, पोरीच्या नावानं."

"विचार तरी तिला," कुणीतरी म्हणालं.

"काय विचारू? तोंडात दोरा आहे तिच्या. नको म्हणायचेसुद्धा कष्ट वाचले." बायका खो खो हसल्या.

तूबानं दातातला दोरा काढला. नीट रिळाला गुंडाळला. रीळ पिशवीत ठेवलं.

"फख्रीखानम, चारशे तोमान."

"कशाचे गं?"

"उरलेल्या अर्ध्याचे."

गाणं बंद पडलं. मलीहेनं आरसा ओढून घेतला. एक बाजू सोललेल्या बदामासारखी, दुसरी होती तशी. एक भुवई चंद्रकोर, दुसरी केरसुणी. पोरगी रडायलाच लागली.

"शुभकार्यात गळा कापतेस?" फख्रीचा आवाज चढला.

"गळा कुठं, गाल. तोही अर्धा."

"नवऱ्याकडच्या बायका निघाल्यात तिकडून. तू तर आमची घरचीच ना, तूबाजान?"

"वीस वर्षं माझं पहिलं बोलणं तुम्हाला लगेच ऐकू आलं. आजचंही पहिलंच ऐका."

फख्रीनं शिव्या दिल्या, मग गळ घातली, मग हात धरला. मलीहे आरशातून नजर न काढता म्हणाली, "आई, माझं तोंड चारशेचं नाही का?" तेव्हा कुठं फख्री पेटीकडं गेली.

तूबानं नोटा चोळीत खोचल्या आणि पुन्हा दोरा दातात धरला. डाव्या गालावर हात हलका नव्हता. पोरगी ओरडली नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या सगळ्यात तिचा काही गुन्हा नव्हता. ते तूबाला माहीत होतं. तरी दोरा तसाच चालला.

तूबा इस्फहानला जाऊन डोळे करून आली. पाठीमागं बायका तिला कसाई म्हणायच्या, पण यायच्या, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आता तूबा उंबऱ्यातच भाव सांगायची. साधं तोंड तीन तोमान, नवरीचं वीस. पैसे आधी, दोरा मग. जीभ कुठं अडत नव्हती. अख्तर म्हणायची, "आई, आता जरा हसून तरी सांगत जा."

हिवाळ्यात बतूल आली, नातीला घेऊन. नातीचं दुसऱ्या दिवशी लग्न. म्हातारीच्या हातात फडकं, फडक्यात अंडी.

"नवरीचे वीस," तूबा म्हणाली.

बतूलनं अंड्यांचं फडकं बाजूला ठेवलं. मग तिनं चादरीची गाठ दातांनी सोडली. आठ घड्या घातलेल्या नोटा एकेक करून उलगडल्या आणि सतरंजीवर ठेवल्या. तूबाला आता सगळं लख्ख दिसत होतं, म्हातारीच्या नखांतलं पीठसुद्धा. बतूलनं नोटांवरचा हात काढला नाही. पहिला 'नको' यायचा होता, मग दुसरा. तिसऱ्यांदा ती आग्रह करणारच होती.

'नको' म्हणायला तूबाची जीभ उचलली गेली होती. तिनं पटकन दोरा दातात धरला.