मुरमातलं पेट्रोल

आमच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतो हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि सगळ्यात शेवटी मान्य केलं ते पंपवाल्याने. केळझरच्या रस्त्यावरचा त्याचा पंप आमच्या मळ्याला लागून. जमिनीत पुरलेली त्याची टाकी गळत होती, कधीपासून ते त्यालाच ठाऊक. मी त्या विहिरीवर पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून सेलूच्या बाजारात न्यायचे. एका गिऱ्हाईक बाईने सांबाराची जुडी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाई, हे भाजीत नाई, गाडीत टाका." सगळे हसले. ती बाई आजही समोर आली तर मी रस्ता बदलणार नाही, तिलाच बदलायला लावीन.

तक्रारी केल्या, पंपासमोर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे टाकी बदलली आणि पुण्याहून एक इंजिनिअर मशीन घेऊन आला. त्याने माझ्या पालकाच्या जागेत नळ्या ठोकल्या, वर प्लास्टिक अंथरलं आणि बांधावर मशीन मांडली. काळ्या मातीखालच्या मुरमात पेट्रोल अडकून बसलं होतं. मशीन नळ्यांतून जमिनीतली हवा ओढायची, हवेबरोबर पेट्रोलची वाफ वर यायची आणि कोळशाच्या पिंपात अडकायची. दिवसरात्र नुसती घरघर. डोकं उठायचं. पण मशीनला मी एक शब्द बोलले नाही, कारण अख्ख्या शिवारात माझ्यासाठी काम करणारी तीच एक होती.

"ताई, एकच अट आहे," इंजिनिअर म्हणाला. "जमिनीतलं पाणी खाली राहिलं पाहिजे. मुरूम पाण्यात बुडाला की हवा ओढता येत नाही. मशीन पाणी ओढते आणि बंद पडते."

आणि मशीन बंद पडू लागली. शेजारचं शेत भासऱ्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. बोर धरणाच्या कालव्याची पाळी आली की ते आमच्या विहिरीलगतच्या पट्ट्यात पाणी मोकाट सोडायचे. त्यांचा चणा पिवळा पडला तरी सोडायचे. वाटणीपासून त्यांचं आमचं वाकडंच, त्यामुळे मला दुसरं कारण शोधायची गरज पडली नाही. जळतात मेले, म्हटलं आणि मोकळी झाले.

पण त्यांना सांगायचं कोणी? आमच्या घरात सून भासऱ्यांशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्यात एक शब्द नाही, जे काय असेल ते नवऱ्याच्या तोंडून. नवऱ्याला मी रोज सांगायचे, तो रोज "सांगतो ना" म्हणायचा आणि भावासमोर गेला की बैलांची चौकशी करून परत यायचा. असा माणूस पदरी पडला की बाईची जीभ आपोआप लांब होते.

शेवटी इंजिनिअरच वैतागला. "आता पुन्हा पाणी भरलं तर मशीन उचलून नेतो. नागपूरचं काम खोळंबलंय माझं." मशीन गेली म्हणजे विहीर गेली. विहीर गेली म्हणजे मळा गेला, आणि मी दुसऱ्याच्या वावरात निंदायला.

पुढची पाळी आली. सकाळी पाहते तर पुन्हा तेच, पट्टाभर पाणी. मी तशीच बांध ओलांडून गेले. भासरे फावडं घेऊन पाटाशी वाकलेले होते. त्यांना हाक काय मारायची हेच मला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"ओ! बंद करा ते पाणी! माही विहीर बुडवून राह्यले तुमी!"

ते सरळ झाले. माझ्याकडे पाठ केली आणि समोरच्या बाभळीला म्हणाले, "सांगा तिले, बुडवून नाई राह्यलो. धुवून राह्यलो. वरून पाणी सोडलं का पेट्रोल वाहून जाते. माया चणा गेला तं गेला. घरच्या सुनेचं बाजारात हसू होते, ते मले का गोड लागते?"

तुम्हाला वाटेल, मला भरून आलं. नाही आलं. असा संताप झाला की कानशिलं तापली. हा माणूस माझ्यासाठी स्वतःचं पीक सडवत होता, त्याच पाण्यात माझी विहीर घालवत होता, आणि जे एका वाक्यात निस्तरलं असतं ते वाक्य एकमेकांशी बोलायची आम्हाला मुभा नव्हती.

"बाभळीले काऊन सांगता? मले सांगा!" मी ओरडले. मग तिथेच चिखलात उभी राहून मुरूम, हवा, वाफ, मशीन सगळं सांगितलं. ते पाठ करूनच ऐकत राहिले. मग वळले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून विचारलं, "म्हंजे पाण्यानं अजून खराब होते?"

"होते."

त्यांनी फावड्याने पाट बुजवला. इंजिनिअर बांधावरून बघत होता. पाणी उतरेपर्यंत थांबतो म्हणाला, मशीन नेली नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला. गावात त्याला सगळं कळलेलं होतं. विहिरीचं काय झालं, मशीन राहिली की गेली, एका अक्षराने विचारलं नाही. म्हणाला, "दादाशी बोलली तू? आता लोकायले मी कोणतं तोंड दाखवू?"

रोज त्याला वाढून मग मी जेवायचे. त्या दिवशी मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर जेवायला बसले.

"मशीन राह्यली," मी म्हटलं. "भात चुलीवरच्या गंजात आहे. घ्या."