गेंटमधली खोली परत देताना

भाताची झोडणी उरकली की आमच्या घराला कुलूप लागायचं. शेत थोडं, पिकलेलं होळीपर्यंतही पुरायचं नाही. म्हणून दिवाळीनंतर मुरबाडकडचं गाव सोडून आई-बाबा भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे, मला घेऊन. राहायला कच्च्या विटा रचून केलेल्या भिंती, वर पेंढा आणि प्लास्टिक. आई चिखल मळायची, बाबा विटा पाडायचे, मी सुकत्या विटा उभ्या करायचे. हंगाम संपला की आमच्या भिंतींच्या विटाही मालकाच्या ढिगात जायच्या. गावातल्या शाळेत माझं नाव पटावर असायचं, मी मात्र कुणाला आठवत नसे. पुढे मावशीने आसनगावला ठेवून घेतलं, म्हणून शिकले.

बेल्जियममधल्या गेंट शहरात मी शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. केलं. काम भाताच्या मुळांवर. बाहेर गारठा आणि आत काचघरात दिव्यांखाली, कुंड्यांतून उभं असलेलं भात. पहिल्यांदा बघून मला हसूच आलं होतं.

शेवटच्या आठवड्यात प्राध्यापकबाईंनी विचारलं, डॉक्टरेटला थांबतेस का? चार वर्षं, पगारासकट. शुक्रवारपर्यंत सांग. थांबले तर राहती खोली माझीच. नाहीतर शुक्रवारी ती परत द्यायची. इकडे मुरबाडच्या कॉलेजात होतं ते तासिकेवरचं शिकवणं. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. शहाण्या माणसाने दुसरा विचार केला नसता.

मला मात्र एका जागी बसवेना. बॅग भरायची, स्वेटर पुन्हा कपाटात ठेवायचे, पुन्हा काढायचे. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि न उतरता त्याच ट्रामने परत यायचं. नदीकाठी लोक ऊन खात निवांत बसतात. मी बसायचे आणि हातातली कॉफी संपायच्या आत उठायचे. जायचं की राहायचं तेच ठरत नव्हतं, मग निरोप तरी कसा घेणार? कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईला एकदा सांगितलं, मी जातेय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, बहुतेक नाही. तिसऱ्या दिवशी तिने काही न विचारता पाव कापायला घेतला.

घरी फोन केला.

"काय गो, आवरलंस का?" आईने विचारलं.

"आवरतेय."

"किती दिस आवरतेस? आमी सगली झोपडी सकालच्या पारी मोडून निघायचो."

मागून बाबा बोलले, "अगो, ऱ्हाऊ दे तिला तिथंच. इथं येऊन काय करनार, म्हशी राखनार?"

"कॉलेजात शिकवीन, बाबा."

"तासावर ना? आमी विटेवर, तू तासावर. शिकून फरक काय पडला?"

आई मध्येच म्हणाली, "त्यांचं सोड. येनार असलीस तर एक ध्यानात ठेव. निघताना केर काढू नको. मानूस निघाला की मागं झाडू मारीत नाय. मारला तर मानूस परत येत नाय."

"इथे खोली लख्ख करून द्यावी लागते, आई. बाई तपासायला येते."

"मंग ती बाई झाडील."

शुक्रवारी सकाळी मी खिडक्या पुसल्या, शेगडी घासली, न्हाणीघर चकचकीत केलं. जमीन तेवढी झाडायची ठेवली. बाई आल्या. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती आणि अजून तीन खोल्या तपासायच्या होत्या. खिडकीवरून बोट फिरवून बघितलं, मान हलवली. मग टेबलाखाली बघितलं. केस, दोरे, धूळ.

"हे राहिलं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, आमच्याकडे निघताना झाडत नाहीत.

"का?"

"म्हणजे माणूस परत येतो."

"मग तू परत येणार आहेस का?" त्यांनी अगदी सरळ विचारलं. "येणार असशील तर खोली ठेव, मी कळवते. नसशील तर झाडू दारामागे आहे."

आठवडाभर मी स्वतःला हे इतक्या साध्या शब्दांत विचारलंच नव्हतं. चार वर्षं म्हणजे मला दिसला तो आणखी एक हंगाम. लांब, उबदार, चांगल्या पगाराचा, पण हंगामच. तो संपला की पुन्हा गाठोडं. लहानपणापासून मी हंगामापुरतीच राहत आले होते, आणि त्याचा मला कंटाळा आला होता. गावासाठी काही करायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं. असतं तर तसं लिहिलं असतं.

मी झाडू घेतला. टेबलाखालून, पलंगाखालून, दारापर्यंत केर काढला. बाई सही करून पुढच्या खोलीकडे गेल्या. जिन्यातूनच प्राध्यापकबाईंना फोन केला आणि थांबत नाही म्हणून सांगितलं. "तुझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल," म्हणाल्या. द्या म्हटलं. बेकरीपाशी बॅग बाहेर ठेवून आत गेले. या वेळी "जातेय" म्हणताना माझा आवाज अडखळला नाही, आणि त्या बाईनेही ते खरं मानलं.

पुढे काही वर्षं तासिकेवरच गेली. बाबांचा टोमणा जेवताना अधूनमधून यायचा आणि मी तो गिळायचे. मग पात्रता परीक्षा पास झाले, मुलाखत झाली, आणि गेल्या वर्षी मुरबाडच्या कॉलेजात माझी नोकरी कायम झाली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आई-बाबांनी भट्टी सोडली. आम्ही तिघं आता बारा महिने गावातच राहतो.